साखर गेली, आता बरणी कोण राखणार?

(व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

आजचा विषय आहे साखर न घालता घरी करायचं गोड लोणचं. विषय स्वयंपाकघरातला आहे, पण निम्मा दवाखान्यातला आणि थोडा प्रयोगशाळेतलाही आहे. म्हणून आज आपण पाककृतीकडे जरा उशिरा येणार आहोत. आधी साखर लोणच्यात नेमकं काय करते ते बघू. ते कळलं की पाककृती तुमची तुम्हीच बसवू शकाल. आणि ते न कळता केलेलं बिनसाखरेचं लोणचं पंधरा दिवसांत बुरा धरतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न दाखवता बिघडतं.

आपल्याकडे गोड लोणच्यांचा गोतावळा मोठा आहे. लिंबाचं उपासाचं लोणचं, कैरीचा साखरांबा, गुळांबा, मेथांबा, आवळ्याचा मोरावळा, शेजारच्या गुजरातेतून आलेला छुंदा. पानात हे सगळे डाव्या बाजूला बसणारे लोक. वाढताना चमचाभरच वाढायचे, पण ते नसले तर पान रिकामं वाटतं. आणि ज्या दिवशी घरात कुणाला मधुमेह निघतो त्या दिवशी पहिली गदा येते ती याच डाव्या बाजूवर. भात कमी होतो, चहा बिनसाखरेचा होतो, आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी वरच्या फळीवर जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख इतकी अंदाजली होती. म्हणजे अशा वरच्या फळीवर गेलेल्या बरण्या घरोघरी आहेत.

आधी थोडा हिशेब

बिनसाखरेचं लोणचं करायलाच हवं का, हा प्रश्न आम्ही नेहमी सगळ्यात आधी विचारतो. लिंबाच्या नेहमीच्या गोड लोणच्याला एक किलो लिंबं, पाऊण ते एक किलो साखर आणि दोनशे ग्रॅमच्या आसपास मीठ पडतं. म्हणजे तयार लोणच्यात वजनाने चाळीस टक्क्यांच्या वर साखर. १० ग्रॅम लोणचं पानात वाढलं तर त्यात चार-साडेचार ग्रॅम साखर आली, साधारण एक लहान चमचा. सणावारी एकदा एवढं लोणचं खाणाऱ्या माणसाने डॉक्टरांना विचारून, तेवढी साखर दिवसाच्या हिशेबात धरून, खरं लोणचंच चाखावं. वेगळी बरणी घालायचं कारण नाही.

पण काहींना दोन्ही जेवणांना आणि वर थालीपिठाबरोबरही लोणचं लागतं, आणि चमचाही लहान नसतो. त्यांच्या पोटात दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम साखर नुसत्या लोणच्यातून जाते. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. गूळ, मध, खजूर, खडीसाखर, नारळाची साखर हे घालून केलेलं लोणचं बिनसाखरेचं नव्हे. गूळ म्हणजे बव्हंशी उसाची साखरच, सोबत थोडं पाणी आणि थोडी खनिजं. मधात साधारण ऐंशी टक्के साखर असते. खजुराच्या गराचाही निम्म्याहून जास्त भाग साखरेचा. चवीला हे पदार्थ उत्तम आहेत, पण 'गुळाचं आहे, चालतं' असं म्हणत वाढलं जाणारं लोणचं मधुमेह असलेल्या माणसाची फसवणूक करतं. प्रेमाने केलेली असली तरी ती फसवणूकच.

आणि काटेकोर बोलायचं तर घरचं लोणचं 'शुगर फ्री' कधीच होत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार शंभर ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नसेल तरच वेष्टनावर तसं लिहिता येतं. लिंबात स्वतःचीच दर शंभर ग्रॅमला दोनेक ग्रॅम साखर असते, गाजरात त्याहून जास्त. तेव्हा आपण करणार ते 'साखर न घातलेलं' लोणचं. शब्द लांब आहे, पण खरा आहे.

साखरेची चार कामं

साखर लोणच्यात गोडी आणते हे सगळ्यांना दिसतं. पण ती आणखी तीन कामं करते, आणि ती दिसत नाहीत.

पहिलं काम गोडीचं. लिंबाचा आंबटपणा, सालीचा कडूपणा, मिठाचा खारटपणा या सगळ्यांना ती एकत्र बांधते.

दुसरं काम अंग देण्याचं. लोणच्याला जो दाट, चकचकीत पाक असतो तो साखरेचा. लिंबाच्या सालीत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. आंबट रसात भरपूर साखर असली की तो जमून येतो आणि खार घट्ट होतो. साखर नसेल तर तेच पेक्टिन सुस्त बसतं आणि खार पाण्यासारखा राहतो.

तिसरं काम फोडीतलं पाणी ओढून बाहेर आणण्याचं आणि त्या जागी गोडी आत नेण्याचं. छुंद्याची बरणी उन्हात ठेवतात तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किसाला जे पाणी सुटतं, ते साखर आणि मीठ मिळून ओढतात.

चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं, राखणदारीचं. जीवाणू, यीस्ट, बुरशी या सगळ्यांना जगायला पाणी लागतं, आणि तेही मोकळं पाणी. साखर किंवा मीठ भरपूर विरघळलं की पाणी बरणीत दिसतं खरं, पण ते त्या साखरेने धरून ठेवलेलं असतं. सूक्ष्मजीवांना ते वापरता येत नाही. शास्त्रज्ञ हे मोकळं पाणी शून्य ते एक अशा मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचं माप १. हे ०.९१ च्या खाली आलं की बहुतेक जीवाणू वाढू शकत नाहीत. बुरशी मात्र जास्त चिवट, तिच्या पुष्कळ जाती ०.८० पर्यंत तग धरतात. साखरांबा किंवा मोरावळा वर्षभर टिकतो तो त्यातल्या साखरेने हे माप ०.८० च्या आसपास खाली आणलेलं असतं म्हणून. आजीच्या हाताला गुण होताच, पण त्या गुणात किलोला किलो साखरही होती.

आता गंमत बघा. सुक्रालोज नावाचं जे कृत्रिम गोडी देणारं द्रव्य आहे ते साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड. म्हणजे एक किलो साखरेची गोडी पावणेदोन ग्रॅममध्ये येते. चिमूटभरच. गोडी तर भरून निघाली, पण उरलेले नऊशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम जे पाणी धरून ठेवत होते, खाराला अंग देत होते, ते गेले. ती चिमूट पाणी धरू शकत नाही. म्हणून नेहमीच्या पाककृतीत फक्त साखरेच्या जागी गोळ्या घालून बरणी फडताळात ठेवली, तर ती बरणी बिनराखणीची झाली.

आजच्या बोलण्यातलं एवढंच लक्षात ठेवलंत तरी पुरे. साखर काढणं सोपं आहे. तिची कामं कुणावर सोपवली ते आधी ठरवा, मग ती काढा.

राखणदारी कुणाकडे द्यायची?

उमेदवार चार आहेत: मीठ, आंबटपणा, तेल आणि थंडी.

मीठ सगळ्यात जोरकस. वजनाला वजन धरलं तर पाणी बांधण्यात ते साखरेच्या दहा-बारापट भारी पडतं. म्हणूनच बाजारातलं असो की घरचं, साखर काढली की मिठाचा हात आपोआप सैल होतो. इथे फार जपायला हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. साडेनऊ-दहा टक्के मिठाच्या लोणच्याचे १० ग्रॅम खाल्ले की त्यातला पाचवा हिस्सा संपला. मधुमेह आणि रक्तदाब पुष्कळ वेळा एकाच घरात, एकाच माणसाच्या पाठीशी असतात. साखरेचं काम मिठावर टाकलं तर एका दुखण्यातून काढून दुसऱ्यात घातल्यासारखं होतं.

आंबटपणा हा आपला खरा मित्र. आम्लता मोजायचं माप म्हणजे पीएच. आकडा जितका लहान तितकं आंबट. ४.६ हा आकडा लिहून ठेवा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जीवाणू हवा नसलेल्या बंद जागेत वाढतो आणि जिवावर बेतणारं विष तयार करतो. ते विष दिसत नाही, चवीला कळतही नाही. पीएच ४.६ च्या खाली असेल तर तो वाढू शकत नाही. लिंबाचा रस २ ते २.६ च्या दरम्यान असतो, कच्ची आंबट कैरीही चांगली खाली असते. गाजराचा आकडा मात्र सहाच्या आसपास जातो. म्हणून लिंबू, कैरी, आवळा यांची बिनसाखरेची लोणची करणं सोपं, आणि गाजर, बीट यांना बाहेरून आंबट घालणं सक्तीचं. घरी आम्ही ४ हा आकडा हद्द मानतो, म्हणजे हाताशी थोडी जागा राहते. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. हळद-तिखटाचा रंग पट्टीवर चढतो, म्हणून मसाला घालण्याआधी मोजा.

तेलाबद्दल गैरसमज फार आहे. वर तेलाचा थर असला की लोणचं सुरक्षित, असं आपण धरून चालतो. तेल हवा अडवतं, त्यामुळे बुरशीला अटकाव होतो हे खरं. पण आत्ताच सांगितलेल्या जीवाणूला हवा नकोच असते. आंबट आणि खारट फोडींवर तेल घातलं तर चांगलं. आंबट नसलेल्या, मीठही कमी असलेल्या भाजीवर किंवा लसणीवर नुसतं तेल ओतून बरणी बाहेर ठेवली, तर त्या जीवाणूला सोयीचं घर करून दिलं.

उरली थंडी. ही नवी राखणदार, पूर्वी घरात नव्हती. फ्रिजमध्ये यीस्ट आणि बुरशी पूर्ण थांबत नाहीत, पण चाल फार मंदावते. बिनसाखरेच्या गोड लोणच्याची खरी जागा फ्रिजच. आणि ती जागा मर्यादित असते, म्हणून बरणीही लहान. वर्षाचं लोणचं एकदम घालायची सवय इथे सोडावी लागते. महिन्या-दीड महिन्याला पुरेल एवढंच करायचं, संपलं की पुन्हा करायचं. लिंबू तर बारमाही मिळतं.

गोडी कुणाकडून घ्यायची?

गोडीचं काम करणारी मंडळी आता बाजारात बरीच आहेत. सगळ्यात जुनं सॅकरिन, १८७९ सालचं. त्याची गोडी तीव्र, पण मागे एक धातूसारखी कडसर चव रेंगाळते. लिंबाच्या सालीत कडूपणा असतोच, म्हणून आम्ही ते लोणच्यात घालत नाही.

अस्पार्टेम १९६५ साली सापडलं. ते उष्णतेने तुटतं आणि नुसतं ठेवून दिलं तरी हळूहळू गोडी सोडतं. सरबताला ठीक, लोणच्याला नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना ते वर्ज्यच आहे.

सुक्रालोजची गोष्ट आपल्याला जवळची आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक साखरेपासून केलेल्या क्लोरीनयुक्त पदार्थांवर काम करत होते. त्यांना एका पदार्थाची 'टेस्ट' घ्यायला, म्हणजे चाचणी करायला, सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं 'टेस्ट', म्हणजे चव, आणि जिभेला लावून पाहिलं, असं सांगतात. इंग्रजीत या दोन शब्दांच्या उच्चारात थोडा फरक आहे, आपण मराठीत दोन्ही सारखेच लिहितो, तेव्हा त्यांचा दोष नाही. (हशा) प्रयोगशाळेत असं कुणी करू नये, पण त्यातून हे द्रव्य हाती आलं. लोणच्याच्या आंबटात आणि साध्या उकळण्यात ते टिकतं.

स्टीव्हिया ही पॅराग्वेकडची वनस्पती. तिच्या पानांतून काढलेली शुद्ध पूड साखरेच्या दोनशे ते तीनशेपट गोड. तीही आंबटात आणि उष्णतेत टिकते. प्रमाण जास्त झालं तर ज्येष्ठमधासारखी चव मागे राहते.

एरिथ्रिटॉल वेगळ्या जातीचं. ते दाणेदार, साखरेसारखं दिसणारं, साखरेच्या साठ-सत्तर टक्के गोड आणि रक्तातली साखर जवळजवळ न वाढवणारं. ते चमच्याने मोजून घालता येतं, त्यामुळे खाराला थोडं अंग येतं. पण थंड पाण्यात ते फार विरघळत नाही. जास्त घातलं तर फ्रिजमध्ये त्याचे कण खाली बसतात आणि दाताखाली वाळू आल्यासारखं लागतं. शिवाय २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणं आणि हृदयविकाराचा धोका यांचा संबंध दिसला. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. तरीही हृदयरोग असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे आमचं सांगणं.

पाकीट कुठलंही घ्या, मागचा घटकांचा मजकूर वाचा. मोजायला सोपं जावं म्हणून पुष्कळ पुडींत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेलं असतं. ही दोन्ही रक्तातली साखर वाढवतात. चहाच्या कपात चिमूटभर घालताना त्याने फार बिघडत नाही, लोणच्यात वाटीभर पडली की बिघडतं.

एक खबर देऊन ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मे महिन्यात वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडी देणाऱ्या द्रव्यांवर विसंबू नका असा सल्ला दिला. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही, असं त्यातच म्हटलं आहे. तेव्हा घरात एकाला मधुमेह आहे म्हणून सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, हेच लोणचं खावं असं नाही.

आता बरणी घालू

आता लिंबाचं गोड लोणचं. प्रमाण लहान बरणीचं आहे.

लिंबं अर्धा किलो, म्हणजे मध्यम आकाराची बारा-तेरा. साल पातळ, रंग पिवळा, डाग नकोत. जाड सालीचं हिरवट लिंबू कडू निघतं, आणि तो कडूपणा झाकायला इथे साखर नाही. वर आणखी चार-पाच लिंबांचा रस, साधारण १०० मिलिलिटर. मीठ ४० ग्रॅम. एरिथ्रिटॉल ८० ग्रॅम. त्यावर सुक्रालोज किंवा स्टीव्हिया, साधारण पाव किलो साखरेच्या गोडीइतकं. त्याचं प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं. लाल तिखट दीड चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड एक चमचा, सुंठ अर्धा चमचा, चार वेलदोड्यांची पूड, एक लहान तुकडा दालचिनी.

लिंबं धुऊन चाळणीत ठेवून पंधरा मिनिटं वाफवा. साल बोटाने दबली पाहिजे, फुटता कामा नये. नंतर पंख्याखाली कोरडी करा, गार झाल्यावर ताटात धरून आठ-आठ फोडी करा. ताटात पडलेला रस वाया घालवायचा नाही. बी एकही ठेवू नका, बीचा कडूपणा खारात उतरतो.

आता फोडींतला चौथा हिस्सा वेगळा काढा आणि लिंबाच्या रसाबरोबर मिक्सरमधून अगदी बारीक वाटा. साखरेच्या पाकाचं काम हे वाटण करणार आहे. सालीतला गर खाराला दाटपणा देतो आणि कुठलीही पिठी घालावी लागत नाही.

वाटण, मीठ आणि दालचिनी स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम करा. अॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आंबट त्याला खातं. उतरवून गरम असतानाच एरिथ्रिटॉल घालून पूर्ण विरघळवा. मग फोडी, तिखट, जिरेपूड, सुंठ घाला. कोमट झाल्यावर सुक्रालोज किंवा स्टीव्हिया थोडं थोडं घालून चव बघा. हे एकदम घालू नका. आज आंबट वाटलं तरी आठवड्यात मुरून गोडी वर येते. शेवटी वेलदोडा. जीभ गोडीचा अंदाज नाकानेही घेते. वेलदोडा, दालचिनी, बडीशेप यांचा वास आपल्या मनात गोड पदार्थांशी जोडलेला आहे, म्हणून ते घातले की गोळ्या कमी पुरतात.

काचेच्या दोन लहान बरण्या दहा मिनिटं पाण्यात उकळून, पूर्ण सुकवून त्यात लोणचं भरा. झाकण पत्र्याचं नको, गंजतं. गार झालं की सरळ फ्रिजमध्ये. आठ दिवस मुरू द्या. एक बरणी वापरात, दुसरी बंद. वरती तारीख लिहा. दीड-दोन महिन्यांत संपवा.

मिठाचा हिशेब केलात तर हे लोणचं साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतं, नेहमीच्या जवळजवळ निम्मं. एवढ्या कमी मिठावर ते टिकतं ते आंबटपणा आणि थंडीच्या जोरावर. म्हणून फ्रिज वगळून ही पाककृती करू नका.

कैरीचा किस करायचा असेल तर कडक, आंबट, पाड न लागलेली कैरी घ्या. कैरी पिकायला लागली की आंबटपणा उतरतो आणि साखर वाढते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. अर्धा किलो किसाला २५ ग्रॅम मीठ लावून तासभर ठेवा, सुटलेल्या पाण्यासकट मंद आचेवर आळू द्या, गार झाल्यावर दोन लिंबांचा रस आणि गोडी घाला. हा फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे.

गाजराचं करायचं तर पाव किलो गाजराच्या कांड्यांवर २०० मिलिलिटर व्हिनेगर, १० ग्रॅम मीठ, मोहरीची डाळ आणि बडीशेप घालून उकळून ओता. व्हिनेगरमध्ये पाणी मिसळू नका, आपल्याकडचं साधं व्हिनेगर मुळातच चार टक्क्यांच्या आसपास असतं. गोडी गार झाल्यावर. दोन-तीन आठवड्यांत संपवा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*वर थोडा पांढरा बुरा आला तर तेवढा काढून बाकीचं वापरलं तर?*

नाही. डोळ्यांना दिसतो तो बुरशीचा फुलोरा, तिचे तंतू खाली खोल गेलेले असतात. पातळ खारात तर ते सहज पसरतात. दुसरं असं की काही बुरशी खारातलं आम्लच खातात, त्यामुळे पीएच वर चढतो आणि जे जीवाणू अडलेले होते त्यांना वाट मिळते. लहान बरणीचा फायदा इथेच कळतो. टाकावी लागली तरी पाव किलोच जाते, जीव हळहळत नाही आणि मोह होत नाही.

*मिठाऐवजी कमी सोडियमचं मीठ घातलं तर चालेल?*

त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही औषधं घेणाऱ्यांना तो घातक ठरू शकतो. मधुमेह जुना असेल तर मूत्रपिंडावर परिणाम झालेला असण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चवीलाही ते कडसर लागतं.

*साखर एकदम उतरली, घाम सुटला, तर हे गोड लोणचं उपयोगी पडेल का?*

चांगला प्रश्न आहे. अजिबात नाही. जीभ गोड म्हणेल, रक्ताला काही मिळणार नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या घरी खरी साखर किंवा ग्लुकोजची पूड हाताशी हवीच. आणि या बरणीवर 'साखर नाही' असं ठळक लिहा, म्हणजे घाईत कुणी चुकीची बरणी उचलणार नाही.

*मग हे किती खावं?*

डाव्या बाजूला मावेल तेवढं. साखर नाही म्हणून लोणचं वाटीत घेऊन खाल्लं जातं, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहतो. साखर नसली तरी मीठ आहे, आंबट आहे, दातांचा आणि पित्ताचा प्रश्न आहे. एका जेवणाला एक लहान चमचा. लोणच्याचं माप आपल्या जुन्या पानवाढीने ठरवून दिलेलंच आहे, ते साखर काढली म्हणून बदलत नाही.

तेव्हा घरी गेल्यावर फडताळातली मोठी बरणी तशीच राहू द्या, ती ज्यांना चालते त्यांच्यासाठी. त्याशेजारी नाही, फ्रिजमध्ये, पाव किलोची एक छोटी बरणी ठेवा. तिच्यावर तारीख असू द्या आणि ती वेळेत संपवा. वरच्या फळीकडे बघत जेवणाऱ्या माणसाच्या पानाची डावी बाजू तेवढ्याने भरते.